टपालाने आलेला कायदा : ओबामाकेअरची पहिली वर्षं

जून २०१० मध्ये अमेरिकेतल्या हजारो वृद्धांच्या घरी सरकारकडून अडीचशे डॉलरचा चेक आला. अर्ज नाही, खेटे नाहीत, कुणाची शिफारस नाही. ज्यांचं वर्षाचं औषधांचं बिल एका ठरावीक आकड्यापुढे गेलं त्यांना तो आपोआप मिळाला, आणि पुढच्या काही महिन्यांत असे चेक मिळणाऱ्यांची संख्या लाखोंवर गेली. तीन वर्षांनी, २०१३ च्या पानगळीच्या दिवसांत, त्याच देशातल्या लाखो घरांत वेगळं पाकीट येऊन पडलं. त्यातला मजकूर साधारण असा : तुमची सध्याची आरोग्यविमा पॉलिसी ३१ डिसेंबरनंतर चालू राहणार नाही.

दोन्ही पाकिटं एकाच कायद्यातून निघालेली. चेकबद्दल आज कुणी बोलत नाही. दुसऱ्या पाकिटाने मात्र राष्ट्राध्यक्षांना टीव्हीवर येऊन माफी मागायला लावली.

कायद्याचं पूर्ण नाव 'पेशंट प्रोटेक्शन अँड अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'. बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी त्यावर सही केली. दोन दिवस आधी प्रतिनिधीगृहात तो २१९ विरुद्ध २१२ मतांनी निसटता पास झाला होता आणि बाजूने पडलेल्या मतांत रिपब्लिकन पक्षाचं एकही नव्हतं. लोक त्याला ओबामाकेअर म्हणतात; आधी विरोधक टोमणा म्हणून म्हणायचे, मग ओबामाही म्हणू लागले. आपल्याकडे त्याच्याबद्दल दोन गोष्टी ऐकू येतात. एक, ओबामांनी सगळ्यांना फुकट विमा दिला. दोन, ओबामांनी सगळ्यांचे हप्ते वाढवून ठेवले. कुणाचा पुतण्या न्यू जर्सीत असतो तो पहिलं सांगतो, कुणाची भाची टेक्सासात असते ती दुसरं. दोघंही आपापल्या घरातलं खरंच सांगत असतात, पण त्यावरून अख्ख्या देशात काय झालं ते कळत नाही.

आधी काय होतं

अमेरिकेत बहुतेकांना विमा नोकरीतून मिळतो. त्यामागे फार मोठं तत्त्वज्ञान वगैरे नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर लगाम घातला, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्यांनी विमा द्यायला सुरुवात केली. त्यावर करसवलत मिळाली आणि तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. १९६५ मध्ये दोन सरकारी योजना आल्या : पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड. मेडिकेड गरिबांसाठी खरं, पण सगळ्या गरिबांसाठी नाही. मुलंबाळं नसलेला धडधाकट प्रौढ कितीही कफल्लक असला तरी बहुतेक राज्यांत तो त्यात बसत नसे.

या तिन्हींत न बसणाऱ्यांनी काय करायचं? छोटा धंदा करणारे, कंत्राटावर काम करणारे, नोकरी सुटलेले, साठीच्या आसपास लवकर निवृत्त झालेले असे सगळे खुल्या बाजारात स्वतःची पॉलिसी शोधत. तिथे अर्जासोबत आजारांचा सगळा इतिहास द्यावा लागे. मधुमेह, पूर्वी होऊन गेलेला कॅन्सर, चालू असलेलं गरोदरपण, यांतलं काहीही नकाराला पुरे. भारतात आधीपासूनच्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागतं. २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आधी चार होती. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कंपनी थांबायलाही सांगत नसे, सरळ नाही म्हणे. त्याच वयाच्या पुरुषापेक्षा बाईला जास्त हप्ता लावणं हीही सर्रास चालणारी गोष्ट होती, आणि इतकं भरूनही बाळंतपणाचा खर्च पॉलिसीत बहुधा नसायचाच.

पॉलिसी हातात असली तरी निर्धास्त राहता येत नसे. मोठा क्लेम आला की काही कंपन्या जुना अर्ज उकरून काढत, त्यात एखादी न सांगितलेली किरकोळ गोष्ट शोधत आणि पॉलिसी मुळापासूनच रद्द करत. २००९ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीने तीन मोठ्या कंपन्यांचे कागद मागवले, तेव्हा पाच वर्षांत सुमारे २० हजार पॉलिसी अशा रद्द झाल्याचं आणि त्यातून कंपन्यांचे ३० कोटी डॉलर वाचल्याचं बाहेर आलं. पॉलिसीधारकांच्या मानाने २० हजार म्हणजे काहीच नाहीत. पण त्या २० हजारांत बरेच जण उपचारांच्या मध्यावर होते.

शंभर जणांचं गणित

मग कंपन्यांना एवढंच सांगायचं की आजारी माणसाला नाही म्हणायचं नाही, झालं. इतकं सोपं का नाही, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू.

शंभर जणांचा गट आहे. वर्षात त्यांतले दहा आजारी पडतात आणि प्रत्येकाला दहा हजार डॉलर खर्च येतो. एकूण खर्च एक लाख. प्रत्येकाने हजार डॉलर हप्ता भरला की भागतं. आता नियम केला की आजार झाल्यावर येणाऱ्यालाही त्याच हप्त्यात पॉलिसी द्यायची. तिशीतला धडधाकट माणूस म्हणतो, मग आत्ताच कशाला भरू, गरज पडली की घेईन. असे पन्नास जण बाहेर पडले. दहा आजारी मात्र आतच आहेत. खर्च तोच एक लाख, भरणारे पन्नास, हप्ता दोन हजार. दोन हजार ऐकून आणखी वीस जातात. उरलेल्या तिसांना ३,३३३. असं करत शेवटी गटात आजारीच उरतात आणि हप्ता कुणालाच परवडत नाही.

न्यूयॉर्क राज्यात हे खरोखर घडलं. १९९३ पासून तिथे कायदा लागू झाला की कुणालाही नाकारायचं नाही आणि सगळ्यांना एकच दर लावायचा. विमा घेण्याची सक्ती मात्र नव्हती. वीस वर्षांत तिथल्या वैयक्तिक पॉलिसींचे हप्ते देशातल्या सर्वांत महागांत गेले आणि अशा पॉलिसी घेणारे हजारांत मोजण्याइतके उरले.

मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये दुसरी वाट धरली. तिथे गव्हर्नर होते मिट रॉम्नी, म्हणजे पुढे २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध लढलेले रिपब्लिकन उमेदवार. त्यांनी सही केलेल्या कायद्यात तीन गोष्टी एकत्र होत्या : नाकारायचं नाही, प्रत्येकाने विमा घ्यायचाच नाहीतर दंड, आणि ज्याला परवडत नाही त्याला सरकारी मदत. ओबामांच्या कायद्याने हाच साचा उचलला. हप्त्यासाठी अनुदान, न घेणाऱ्याला दंड, आणि त्याखाली गरिबांसाठी मेडिकेडचा विस्तार. अडचण वेळापत्रकाची होती. हा सगळा डोलारा २०१४ मध्ये उभा राहणार होता. त्याआधी २०१०, २०१२ अशा दोन निवडणुका येणार होत्या. तोवर लोकांच्या हाती काहीतरी पडायला हवं, म्हणून सोप्या, स्वस्त, आवडतील अशा गोष्टी पुढे आणल्या गेल्या.

आधी गोड

सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे २६ व्या वर्षापर्यंत मुलांना आईवडिलांच्या पॉलिसीत राहता येणं. सही झाल्यावर सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०१० पासून ती लागू झाली. तोवर कॉलेज संपलं किंवा एकोणीस पूर्ण झाली की बहुतेक ठिकाणी मूल विम्यातून बाहेर. मंदीचे दिवस होते, पदवी हातात आणि नोकरी नाही अशी मुलं घरोघर होती. १९ ते २५ वयोगटात विमा नसलेल्यांचं प्रमाण २०१० मध्ये ३४ टक्क्यांच्या आसपास होतं, वर्षभरात ते २८ टक्क्यांवर आलं. सरकारला यासाठी जवळजवळ काहीच खर्च नव्हता आणि कंपन्यांनाही ही तरुण पोरं स्वस्तच पडत होती. विरोधी पक्षाने पुढे कायदा रद्द करायचे जे जे मसुदे आणले त्यांतही हे कलम बहुधा शाबूत ठेवलेलं असायचं.

त्याच दिवसापासून आयुष्यभराची कमाल मर्यादा गेली. आधी पॉलिसीत लिहिलेलं असे की दहा लाख किंवा वीस लाख डॉलरपुढे कंपनी एक पैसा देणार नाही. महिनोन् महिने अतिदक्षता विभागात काढलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आयुष्यभराची मर्यादा पहिला वाढदिवस यायच्या आत संपू शकत असे. नव्या पॉलिसींत लसीकरण आणि ठरावीक तपासण्या मोफत झाल्या. मेडिकेअरच्या औषध योजनेत मधोमध एक खड्डा होता : २०१० मध्ये औषधांचं बिल २,८३० डॉलरपर्यंत गेलं की योजना हात वर करायची, आणि खिशातून एकूण ४,५५० डॉलर गेल्याशिवाय परत मदतीला येत नसे. सुरुवातीला सांगितलेले अडीचशेचे चेक या खड्ड्यात पडलेल्यांना होते. पुढच्या वर्षापासून खड्ड्यातल्या ब्रँडेड औषधांवर निम्मी सूट सुरू झाली.

आणखी एक नियम मला स्वतःला फार आवडतो, कारण तो समजायला हिशेबाची वही पुरते. कंपनीने गोळा केलेल्या हप्त्यांतले निदान ८० टक्के उपचारांवर खर्च करायचे. मोठ्या कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या गटविम्यासाठी ८५ टक्के. ऑफिस, जाहिरात, एजंटचं कमिशन, नफा हे सगळं उरलेल्यात भागवायचं. नाही जमलं तर फरक ग्राहकाला परत. २०१२ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा असे सुमारे १.१ अब्ज डॉलर परत झाले, घरटी सरासरी १५१ डॉलर. विमा कंपनीकडून पैसे परत आल्याचं पत्र! पण नोकरीतल्या विम्याचा परतावा बरेचदा मालकाकडे गेला आणि पुढच्या हप्त्यात वळता झाला, त्यामुळे अनेकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

गणित मोडलं की काय होतं

याच काळात घडलेल्या दोन कमी गाजलेल्या गोष्टी पुढचं सगळं समजायला जास्त उपयोगी आहेत.

पहिली लहान मुलांची. सप्टेंबर २०१० पासून कंपन्यांना आजारी मुलाला नाकारायची बंदी झाली. मोठ्यांसाठी ती २०१४ ला येणार होती, पण मुलांसाठी थांबणं कुणाला बरं वाटेना. विमा घेण्याची सक्ती मात्र अजून तीन वर्षांहून जास्त लांब होती. म्हणजे न्यूयॉर्कचीच चूक, छोट्या आकारात. झालं असं की अनेक कंपन्यांनी फक्त मुलाच्या नावाने पॉलिसी विकणंच थांबवलं. बंदी नाकारण्यावर होती, दुकान बंद करण्यावर नव्हती. काही राज्यांत अशी पॉलिसी विकणारं कुणी उरलं नाही.

दुसरी गोष्ट मोठ्यांची. २०१४ पर्यंतच्या मधल्या काळासाठी, आजारामुळे कुणीच विमा देत नाही अशांकरता सरकारने पाच अब्ज डॉलर बाजूला ठेवून खास योजना काढली. अंदाज होता की २०१० संपेपर्यंत पावणेचार लाख लोक येतील. नोव्हेंबरपर्यंत आले सुमारे आठ हजार. एकतर अट अशी की आधी सहा महिने बिनविम्याचं असायला हवं. कॅन्सर झालेल्या माणसाने सहा महिने काय करायचं, याचं उत्तर कलमात नव्हतं. शिवाय हप्ताही कमी नव्हता. लोक हळूहळू वाढले, पण आले ते सगळे फार आजारी : २०१२ मध्ये एका माणसामागे वर्षाचा सरासरी खर्च ३२ हजार डॉलर. इतके थोडे लोक असूनही पैसे पुरेनात आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये नवे प्रवेश बंद करावे लागले. शंभर जणांच्या गटात आजारीच उरले की काय होतं, ते सरकारने स्वतःच्या पैशाने करून पाहिलं असंच म्हणायचं.

न्यायालयाने पाडलेली फट

२८ जून २०१२. सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न होता की सरकार नागरिकाला विमा घ्यायची सक्ती करू शकतं का. पाच विरुद्ध चार मतांनी उत्तर आलं : सक्ती म्हणून नाही, पण न घेणाऱ्यावर कर म्हणून चालेल. निर्णायक मत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचं, ज्यांना रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलं होतं. सगळ्या बातम्या यावरच झाल्या. निकालाचा दुसरा भाग मागे पडला, आणि माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने तोच मोठा होता.

कायद्यात ठरलं होतं की दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रत्येक प्रौढाला मेडिकेड मिळेल. पहिली तीन वर्षं नव्या लोकांचा सगळा खर्च केंद्र देणार आणि २०२० पर्यंत केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवर येणार. जे राज्य मानणार नाही त्याचा मेडिकेडचा सगळाच केंद्रीय निधी बंद. न्यायालय म्हणालं, ही राज्यांच्या कानशिलावर धरलेली बंदूक आहे. विस्तार करायचा की नाही ते राज्यांनी ठरवावं. २०१४ उजाडलं तेव्हा जेमतेम निम्मी राज्यं तयार होती. टेक्सास आणि फ्लोरिडा नव्हती.

गंमत, खरं तर गंमत कसली, पुढे आहे. मसुदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्यांना मेडिकेड मिळेलच. म्हणून हप्त्यासाठीचं अनुदान दारिद्र्यरेषेच्या वरच सुरू होत होतं. आता विस्तार न केलेल्या राज्यात वर्षाला पंधरा हजार डॉलर मिळवणाऱ्याला भरघोस अनुदान, आणि आठ हजार मिळवणाऱ्याला मेडिकेडही नाही नि अनुदानही नाही. एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा तेव्हा साडेअकरा हजारांच्या आसपास होती. टेक्सासात लहान मुलं असलेल्या आईबापांसाठीही मेडिकेडची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या एक-पंचमांशाच्या जवळपास. अशा फटीत सापडलेल्यांचा त्या वेळचा अंदाज सुमारे ४८ लाख होता.

शेजारची दोन राज्यं बघा. केंटकीने विस्तार केला, टेनेसीने केला नाही. गॅलपच्या पाहणीत केंटकीत विमा नसलेले प्रौढ २०१३ मध्ये वीस टक्क्यांवर होते, ते एका वर्षात दहा टक्क्यांच्या खाली आले. विमाबाजार म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एकाच ठिकाणी बघून घेण्याची, या कायद्याने आलेली सरकारी सोय. केंटकीने आपल्या विमाबाजाराला स्वतंत्र नाव दिलं होतं, 'काइनेक्ट'. २०१४ च्या एका जनमत चाचणीत तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांचं ओबामाकेअरबद्दल वाईट मत होतं, आणि काइनेक्टबद्दल वाईट मत असलेले होते पाचांतले साधारण एक. वस्तू एकच.

वेबसाइट आणि रद्द झालेल्या पॉलिसी

१ ऑक्टोबर २०१३ रोजी ३६ राज्यांसाठीची केंद्र सरकारची विमाबाजाराची वेबसाइट सुरू झाली. याच कायद्यावरून काँग्रेसमध्ये अडवणूक झाल्यामुळे त्याच दिवशी सरकारचं कामकाज ठप्प झालं होतं. दिवसभरात सत्तेचाळीस लाखांच्या आसपास लोक साइटवर आले. दहावीच्या निकालाच्या दिवशी बोर्डाची साइट बसते तशी ती बसली, फरक इतकाच की निकालाची साइट संध्याकाळपर्यंत उठते. पहिल्या दिवशी देशभरात नावनोंदणी पूर्ण करू शकले सहा जण. गर्दी हे एकच कारण नव्हतं. किंमत बघण्याआधीच खातं उघडायची सक्ती, डझनावारी कंत्राटदारांनी वेगवेगळे केलेले भाग, आणि ते सगळे जोडून चाचणी घ्यायला न उरलेला वेळ. दोन महिने बाहेरून तंत्रज्ञ आणून दुरुस्ती चालली. शेवटी एप्रिल २०१४ पर्यंत ८० लाख लोकांनी पॉलिसी निवडली, म्हणजे अंदाजापेक्षा जास्तच. पण आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस यांनी त्याच महिन्यात राजीनामा जाहीर केला.

साइट कोलमडलेली असतानाच ती रद्द झालेल्या पॉलिसींची पत्रं पोचली. ओबामा वर्षानुवर्षं सांगत आले होते की तुमची पॉलिसी तुम्हाला आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील. बहुतेकांच्या, म्हणजे नोकरीतून विमा असलेल्यांच्या बाबतीत ते खरं ठरलं. खुल्या बाजारातल्यांच्या बाबतीत ते खरं ठरणं शक्यच नव्हतं. जानेवारी २०१४ पासून प्रत्येक नव्या वैयक्तिक पॉलिसीत दहा गोष्टी असायलाच हव्या होत्या : बाळंतपण, मानसिक आजार, औषधं, इस्पितळात भरती वगैरे. जुन्या पॉलिसी यात बसत नव्हत्या. मार्च २०१० पूर्वीच्या आणि तेव्हापासून न बदललेल्या पॉलिसींना सूट होती, पण वैयक्तिक पॉलिसी इतकी वर्षं न बदलता राहतेच कुठे? अशी पत्रं चाळीस लाखांहून अधिक गेल्याचे अंदाज तेव्हा छापून आले. यांतल्या बऱ्याच जणांना नंतर अधिक चांगली पॉलिसी, काहींना तर अनुदानासह कमी पैशांत मिळाली. पण ज्या वेबसाइटवर ती बघायची तीच उघडत नव्हती. हातात रद्द झाल्याचं पत्र आणि समोर फिरत राहिलेलं गोल चक्र, असे दोन महिने गेले. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी माफी मागितली आणि अशा पॉलिसी आणखी काही काळ चालू ठेवायची मुभा दिली. राज्याची आणि कंपनीची तयारी असेल तर.

नुकसान झालेला माणूस नावानिशी टीव्हीवर येऊ शकत होता, त्याच्याकडे पत्र होतं. ज्याची पॉलिसी या कायद्यामुळे रद्द झाली नाही, ज्याला कंपनीने नकार दिला नाही, त्याच्याकडे दाखवायला काय असणार?

हप्ते खरंच वाढले का

कुणाचे, यावर उत्तर अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी जुलै २०१३ मध्ये जाहीर केलं की वैयक्तिक पॉलिसींचे दर निम्म्यावर येतील. साहजिक होतं, कारण तिथले दर आधीच आभाळाला भिडले होते आणि आता निरोगी लोक आत येणार होते. ज्या राज्यांत पूर्वी आजाऱ्यांना बाहेर ठेवून स्वस्त पॉलिसी विकल्या जायच्या, तिथे तिशीतल्या निरोगी पुरुषाचा हप्ता वाढला. त्याच्याच शेजारच्या साठीतल्या मधुमेही बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी होकार दिला.

सुरुवातीला कंपन्यांनी गिऱ्हाइकं धरायला दर कमी ठेवले. आलेले लोक अपेक्षेपेक्षा आजारी निघाले. पहिल्या वर्षीचा दंड ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा एक टक्का, यांतला जो मोठा तो. त्याला भिऊन हजारो डॉलरचा हप्ता कोण भरणार? तोटा झालेल्या कंपन्यांना सावरायला कायद्यात तीन वर्षांची भरपाई होती, पण काँग्रेसने तिच्या पैशाची वाट अडवली आणि २०१४ साठी मागितलेल्या रकमेतले जेमतेम साडेबारा टक्के मिळाले. सरकारी कर्जावर उभ्या राहिलेल्या २३ सहकारी विमासंस्थांपैकी बारा २०१५ संपेपर्यंत बुडाल्या. त्या भरपाईचा निकाल न्यायालयात लागला २०२० मध्ये, आणि तो कंपन्यांच्या बाजूने होता. तोवर बुडायच्या त्या बुडाल्या होत्या. २०१७ साठी दर देशभरात सरासरी वीस टक्क्यांहून अधिक वाढले, काही मोठ्या कंपन्या बहुतेक राज्यांतून निघून गेल्या.

अनुदान मिळणाऱ्यांना ही वाढ फारशी जाणवली नाही. दारिद्र्यरेषेच्या चौपटीहून थोडं जास्त कमावणाऱ्यांना अनुदान नव्हतं, त्यांना मात्र ती सगळीच्या सगळी बसली. त्यात डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी आपल्या खिशातून भरायची रक्कम. सर्वांत स्वस्त पॉलिसींत ती पाच हजार डॉलरच्या घरात असे. कार्ड खिशात आणि डॉक्टरचं बिलही खिशातूनच, ही तक्रार खोटी नव्हती.

मराठी घरांत

कंपनीकडून विमा मिळणाऱ्या एच-१बी वाल्यांचं फारसं काही बदललं नाही. बदललं ते ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांचं. मुलाने नागरिकत्व घेतलं, आईबाबांना बोलावलं; वय अडुसष्ट, बाबांना शुगर, आईला बीपी. अमेरिकेत कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे मेडिकेअर विकत घ्यायलाही पाच वर्षांचं वास्तव्य हवं. मेडिकेडलाही १९९६ च्या कायद्याने बहुतेकांना पाच वर्षांची आडकाठी. २०१४ पर्यंत अशा जोडप्याला खासगी कंपनी दारात उभं करत नसे. मग उरायचा प्रवासी विमा, ज्यात जुने आजार वगळलेले, किंवा औषधांची बॅग भरून दर हिवाळ्यात पुण्याला परत.

२०१४ पासून कायदेशीर वास्तव्य असलेल्या अशा पालकांना विमाबाजारातून पूर्ण पॉलिसी घेता येऊ लागली. शुगर असली तरी नाकारायचं नाही, आणि हप्ता तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. त्यांचं स्वतंत्र करपत्रक असेल तर उत्पन्न जवळपास नसल्यामुळे अनुदानही मिळायचं. मुलाने त्यांना आपल्यावर अवलंबून दाखवलं की मुलाचा पगार हिशेबात धरला जाई आणि अनुदान बहुधा जाई. (हे त्या सुरुवातीच्या वर्षांचे नियम. पुढे, २०२५ च्या कायद्याने स्थलांतरितांसाठीच्या अनुदानाचे नियम बरेच आवळले आहेत.) सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बाळंतपणाला जाणाऱ्या आजीसाठी मात्र काहीच बदललं नाही. तिला तेव्हाही प्रवासी विमाच घ्यावा लागायचा आणि आजही लागतो.

माणसं वाचली का

२०१० मध्ये अमेरिकेत विमा नसलेले लोक होते सुमारे ४ कोटी ८६ लाख. २०१६ मध्ये २ कोटी ८६ लाख. म्हणजे सहा वर्षांत दोन कोटी कमी. पण विमा मिळाला म्हणून माणूस जास्त जगला, हे सिद्ध करणं महाकठीण. विमा घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळे असतात.

ते सिद्ध झालं निधी कमी पडल्यामुळे. २०१७ च्या सुरुवातीला करखात्याने, आधी दंड भरलेल्या कुटुंबांना साधं पत्र पाठवायचं ठरवलं : तुम्ही विमा नसल्याचा दंड भरलात, विमा इथे मिळतो. अशी कुटुंबं सुमारे ४५ लाख होती आणि पैसे ३९ लाख पत्रांपुरतेच होते. म्हणून कुणाला पाठवायचं नाही ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. नकळत एक प्रयोग उभा राहिला. संशोधकांनी नंतर तुलना केली, तेव्हा पत्र गेलेल्या घरांत जास्त लोकांनी विमा घेतला होता, आणि ४५ ते ६४ वयाच्या लोकांत पुढच्या दोन वर्षांत दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी झाला होता.

हा अभ्यास २०१९ च्या शेवटी बाहेर आला, तेव्हा पत्रातला दंड उरलाच नव्हता. कायद्याचे महत्त्वाचे भाग रद्द करायचा प्रयत्न जुलै २०१७ मध्ये सेनेटमध्ये रिपब्लिकन सेनेटर जॉन मॅककेन यांच्या एका मताने फसला. पण त्याच डिसेंबरच्या करकायद्याने दंड २०१९ पासून शून्यावर आणला.

शंभर जणांच्या गणिताप्रमाणे यानंतर बाजार कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही. २०१९ साठी सुमारे १ कोटी १४ लाख लोकांनी विमाबाजारातून पॉलिसी घेतली, २०२० साठीही जवळपास तेवढ्यांनीच. गणित चुकीचं नव्हतं, त्यात अनुदानाचा रकाना नव्हता. अनुदान मिळणाऱ्याला उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता भरावाच लागत नाही. दर दुप्पट झाले तरी वरचा भार सरकारवर, त्यामुळे निरोगी माणसाला पळून जायचं कारण उरत नाही. ज्यांना अनुदान नव्हतं त्यांना ते गणित तंतोतंत लागू पडलं. २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत स्वतःच्या पैशाने पूर्ण हप्ता भरणारे जवळपास निम्म्यावर आले.